घाटांचे राजे आणि पिवळी जर्सी

१६ जुलै १९५८ रोजी आल्प्समधल्या ब्रियांसाँ गावातून टूर द फ्रान्सचा एकविसावा टप्पा निघाला. वाटेत एकामागून एक घाट होते आणि २१९ किलोमीटरनंतर ए-ले-बें हे गाव. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे असल्याची खूण, फ्रान्सच्या रफाएल जेमिनियानीच्या अंगावर होती. लक्झेंबर्गचा शार्ली गोल त्याच्या मागे पंधरा मिनिटांच्या आसपास होता. शर्यत संपायला मोजके दिवस उरलेले असताना एवढा फरक भरून निघत नाही, असेच सगळे धरून चालले होते.

शार्त्रूझच्या डोंगरांत पाऊस कोसळू लागला. हवा गारठली, रस्ते निसरडे झाले. गोलला नेमके हेच हवामान मानवायचे. कडक उन्हात तो कोमेजून जायचा, पण थंडीपावसात त्याच्यात जणू दुसराच माणूस जागा व्हायचा. दोन वर्षांपूर्वी इटलीच्या गिरो शर्यतीत मोंते बोंदोनेच्या चढावर बर्फ पडत असताना त्याने अशीच हरलेली शर्यत फिरवली होती. आता ल्युइतेलच्या चढावर तो सुटला आणि पुढचे पोर्त, क्युशरों व ग्रानिए हे तिन्ही घाट एकट्याने ओलांडून गेला. ए-ले-बेंला तो पोचला तेव्हा दुसरा स्वार जवळजवळ आठ मिनिटे मागे होता आणि जेमिनियानी चौदा मिनिटांहून अधिक. आदल्या वर्षीचा विजेता जाक आंकतील त्या पावसात आजारी पडला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. जेमिनियानी रडला. वाटेत आपल्याला साथ न देणाऱ्या फ्रेंच संघातल्या देशबांधवांना त्याने जुडास म्हटले.

अनेक टप्प्यांच्या शर्यती घाटात जिंकल्या जातात, असे म्हणणारे आजही या दिवसाचा दाखला देतात. दाखला खरा आहे, पण तो अर्धा आहे. ए-ले-बेंला पहिला येऊनही गोलला पिवळी जर्सी मिळाली नव्हती. ती इटलीच्या व्हितो फावेरोकडे गेली आणि गोल त्याच्या मागे एका मिनिटाहून थोडा जास्त राहिला. ती त्याला मिळाली दोन दिवसांनी, बेझांसाँ ते दिजाँ या ७४ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये. तिथे मोठा घाट नव्हता. प्रत्येकाने एकट्याने, कोणाचाही आडोसा न घेता घड्याळाशी झुंजायचे होते. गोलने तो टप्पा जिंकला आणि पॅरिसमध्ये फावेरोवर ३ मिनिटे १० सेकंदांनी मात केली. त्या वर्षी त्याने चार टप्पे जिंकले. त्यांपैकी तीन टाइम ट्रायलचे होते: एक व्हान्तू पर्वताच्या चढावरचा, दोन साध्या रस्त्यांवरचे. ज्याला लोक डोंगरांचा देवदूत म्हणत, त्याने आपली एकमेव टूर द फ्रान्स घाटाइतकीच घड्याळावर जिंकली.

तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत क्लाइंबरला, म्हणजे चढावर सरस असलेल्या स्वाराला, झुकते माप मिळते का, की तिथे अष्टपैलू स्वारच जिंकतो? १९५८ ते १९६४ या सात वर्षांत या प्रश्नाचा जेवढा कस लागला तेवढा आधी किंवा नंतर क्वचितच लागला. त्या काळात इतिहासातले दोन थोर क्लाइंबर एकाच वेळी रस्त्यावर होते, आणि त्यांच्यासमोर घड्याळाशी झुंजण्यात ज्याचा हात कोणी धरला नाही असा माणूस उभा होता.

त्या लढतीचा पाया बराच आधी रचला गेला होता. १९०३ साली ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने पहिली टूर द फ्रान्स भरवली तेव्हा तिच्यात सहा टप्पे होते आणि उंच पर्वत नव्हते. कसोटी होती ती अंतराची, रात्रीच्या प्रवासाची आणि खराब रस्त्यांची. १९१० मध्ये संपादक ऑंरी देग्रांज यांनी शर्यत पिरेनीज पर्वतात नेली. लुशोंपासून बायोनपर्यंतच्या ३२६ किलोमीटरच्या एकाच टप्प्यात पेरसूर्द, आस्पें, २११५ मीटर उंचीचा तुर्माले आणि औबिस्क हे घाट होते. रस्ते म्हणजे मातीच्या आणि दगडांच्या वाटा, आणि सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. औबिस्कवर ओक्ताव्ह लापीझ आयोजकांकडे पाहून ‘खुनी’ म्हणून ओरडला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्याच लापीझने तो टप्पा जिंकला आणि पुढे शर्यतही. दुसरा आला फ्रान्स्वा फाबेर हा धिप्पाड स्वार. त्या वर्षी निकाल वेळेवर नसून गुणांवर लागत असे आणि दोघांत अवघ्या चार गुणांचा फरक होता. उंच घाटांच्या पहिल्याच वर्षी एक भारी वजनाचा स्वार जिंकण्याच्या इतका जवळ पोचला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. टूर द फ्रान्समध्ये तसा मान १९३३ साली सुरू झाला. पहिला मानकरी ठरला स्पेनचा व्हिसेंते त्रुएबा. अंगाने इतका लहान की लोक त्याला पिसू म्हणत. माथ्यांवर तो पुन्हापुन्हा पहिला पोचायचा आणि उतारावर पुन्हापुन्हा पकडला जायचा. एकूण निकालात तो सहावा आला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, टूर द फ्रान्सने पहिल्यांदा वैयक्तिक टाइम ट्रायल घेतली. ती आंतोनें मान्यने जिंकली आणि ती शर्यतही त्यानेच जिंकली. अशा रीतीने एका वर्षाच्या अंतराने शर्यतीच्या दोन्ही टोकांना आपापले वजन मिळाले. एकीकडे घाट, दुसरीकडे घड्याळ. तेव्हापासून आजपर्यंत पिवळ्या जर्सीचा निकाल या दोहोंच्या ओढाताणीत लागत आला आहे.

या ओढाताणीचे कारण शरीराच्या आणि निसर्गाच्या गणितात आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो. अंगात एकूण ताकद जास्त असलेला, थोराड पण हँडलवर नीट वाकून बसणारा माणूस तिथे पुढे जातो, कारण अंगाची ताकद जितकी वाढते तितका वाऱ्याचा अडसर वाढत नाही. शिवाय घोळक्यात दुसऱ्यामागे राहिले की बरेच श्रम वाचतात. चढावर वेग उतरतो, वाऱ्याचे महत्त्व कमी होते आणि माणूस स्वतःचे वजन वर वाहू लागतो. मग दर किलोमागे किती ताकद, एवढाच हिशेब उरतो. तिथे हलका माणूस राजा होतो आणि दुसऱ्याच्या आडोशाचा उपयोग फारसा राहत नाही. म्हणून चढावर माणसे एकेक करून सुटत जातात आणि फरक मिनिटांत मोजावे लागतात.

पण माथा म्हणजे शेवट नव्हे. १९५२ मध्ये पहिल्यांदा काही टप्पे डोंगरमाथ्यावर संपले. त्यांतला आल्प द्युएझचा टप्पा फाउस्तो कोप्पीने जिंकला, आणि कोप्पी हा घाट व घड्याळ दोन्हींचा स्वामी होता. एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम त्याने १९४२ मध्येच केला होता. १९५२ ची टूर त्याने २८ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. तरीही पुढची अनेक वर्षे घाटांचे बहुतेक टप्पे माथ्यावर न संपता खालच्या गावात संपत. माथ्यापासून गावापर्यंत कधी तीस किलोमीटर, कधी पन्नास. चढावर एकट्याने मिळवलेली मिनिटे उतारावर आणि दरीतल्या सपाट रस्त्यावर मागून येणारा गट एकमेकांना साथ देत परत घ्यायचा. क्लाइंबरच्या कमाईला गळती लागायची ती इथे.

ही गळती फेदेरिको बाआमोंतेसइतकी कोणी सोसली नसेल. तोलेदोचा हा स्पॅनिश स्वार १९५४ मध्ये पहिल्यांदा टूरला आला आणि त्याच वर्षी घाटांचा राजा झाला. त्या वर्षी एका माथ्यावर तो इतका आधी पोचला की थांबून आइस्क्रीम खात बसला. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात, पण तिच्यात त्याची सगळी कहाणी आहे. त्याला फक्त माथा हवा होता. शिवाय उताराची त्याला भीती वाटायची आणि एकट्याने खाली जाणे तो टाळायचा. सहा वेळा तो टूरचा घाटराजा ठरला. त्या सहापैकी पिवळी जर्सी त्याने पॅरिसपर्यंत नेली ती एकदाच, १९५९ मध्ये.

त्याला बदलले ते कोप्पीने. बाआमोंतेस कोप्पीच्या नावाच्या संघातून खेळू लागला तेव्हा कोप्पीने त्याच्या मनावर बिंबवले की तू माथ्यांच्या गुणांमागे धावणे सोड, एकूण निकाल धर. १९५९ मध्ये प्वी द दोमच्या चढावर टाइम ट्रायल झाली आणि ती बाआमोंतेसने जिंकली. पुढे आल्प्समध्ये त्याने पिवळी जर्सी मिळवली. पण त्याच्या विजयाला आणखी एक बाजू होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात आंकतील, रोजे रिव्हिएर, लुइझॉं बोबे आणि जेमिनियानी असे चार म्होरके होते आणि त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. दुसऱ्या क्रमांकावर ऑंरी आंग्लाद होता. तो फ्रेंच होता, पण प्रादेशिक संघातला. त्याला जिंकू देण्यापेक्षा स्पॅनिश पाहुणा जिंकलेला बरा, असे आंकतील आणि रिव्हिएर यांनी मनात धरले, हे तेव्हाच बोलले गेले. बाआमोंतेस आंग्लादच्या ४ मिनिटे १ सेकंद पुढे राहून जिंकला. टूर जिंकणारा तो पहिला स्पॅनिश. पॅरिसच्या पार्क दे प्रिन्समध्ये प्रेक्षकांनी आंकतीलला शिट्या मारून हिणवले. आंकतीलने पुढे आपल्या बोटीला त्या शिट्यांचेच नाव दिले.

म्हणजे १९५८ मध्ये क्लाइंबर जिंकला तो टाइम ट्रायलमुळे, आणि १९५९ मध्ये जिंकला तो प्रतिस्पर्ध्यांच्या घरातल्या भांडणाचाही फायदा मिळाल्यामुळे. दोन्ही विजय मोठे आहेत आणि दोन्ही त्या दोघांच्या हक्काचे आहेत. पण एवढे मोठे दोन क्लाइंबर एका काळात असूनही त्या दोघांच्या वाट्याला मिळून दोनच टूर आल्या, हे सत्य बाजूला सारता येत नाही. १९६१ ते १९६४ या वर्षांतली सत्ता आंकतीलची होती.

नॉर्मंडीत वाढलेल्या आंकतीलने १९ व्या वर्षी ग्रां प्री दे नास्याँ ही टाइम ट्रायलची सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. पुढे ती त्याने एकूण नऊ वेळा जिंकली. १९५६ मध्ये मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर त्याने कोप्पीचा तासाचा विक्रम मोडला. सायकलवर तो स्थिर, वाकलेला आणि शांत दिसायचा, फक्त पाय फिरत असायचे. त्याची रीत ठरलेली होती. टाइम ट्रायलमध्ये मिनिटे कमवायची आणि घाटात ती सांभाळायची. १९६१ मध्ये शर्यतीआधीच त्याने पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पिवळी जर्सी ठेवण्याचा मनोदय जाहीर केला आणि तो खरा करून दाखवला. पहिल्या दिवशी दुपारच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने जर्सी घेतली आणि पॅरिसपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारावर त्याने १२ मिनिटांहून अधिक आघाडी मिळवली. शर्यतीचे संचालक जाक गोदे इतके वैतागले की त्यांनी बाकीच्या स्वारांना रस्त्यावरचे बुटके म्हणून लेखात झोडपले. १९६२ मध्ये लुशोंहून सुपरबान्येरच्या चढावर टाइम ट्रायल झाली. ती बाआमोंतेसने जिंकली. मग लियोंपर्यंतची ६८ किलोमीटरची टाइम ट्रायल आली आणि तिथे आंकतीलने शर्यतच संपवून टाकली. चढाचे अंतर १८.५ किलोमीटर आणि सपाटीचे ६८. पारडे कोणाकडे झुकणार हे नकाशा आखतानाच ठरले होते.

हे आयोजकांच्याही ध्यानात आले. १९६३ मध्ये त्यांनी टाइम ट्रायलची अंतरे कमी केली. आता क्लाइंबरचे दिवस येतील असे वाटले, आणि ३५ वर्षांच्या बाआमोंतेसने आल्प्समध्ये खरोखरच पिवळी जर्सी घेतली. आंकतीलपेक्षा तो तीनच सेकंद पुढे होता. दुसऱ्या दिवशी शामोनीच्या टप्प्यात फोर्क्लाझचा जुना, खडबडीत आणि अतिशय उभा चढ होता. आंकतीलला त्या चढासाठी हलकी, सोप्या गिअरची सायकल हवी होती, पण बिघाड झाल्याशिवाय सायकल बदलायला नियमाने बंदी होती. त्याच्या संघाचा व्यवस्थापक आता तोच जेमिनियानी होता, १९५८ च्या पावसात रडलेला. चढाच्या पायथ्याशी आंकतीलने गिअर बिघडल्याचा पुकारा केला, मेकॅनिकने पक्कडीने केबल कापली आणि नवी सायकल हातात आली. हलक्या सायकलवर आंकतीलने बाआमोंतेसची पाठ सोडली नाही आणि शामोनीला त्याला मागे टाकून टप्पाही जिंकला. विजयाबद्दल एकूण वेळेतून वजा होणाऱ्या बोनससह जर्सी त्याच्याकडे आली. बेझांसाँच्या टाइम ट्रायलने उरलेले काम केले. शेवटी बाआमोंतेस ३ मिनिटे ३५ सेकंदांनी दुसरा आला.

पक्कडीची ही हकिकत रंगतदार आहे, म्हणून ती सांगितली जाते. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या वर्षी आंकतीलने पिरेनीजमधला एक टप्पा आणि आल्प्समधला एक टप्पा, असे घाटांचे दोन टप्पे जिंकले. टाइम ट्रायलची अंतरे घटली तेव्हा त्याने घाट शिकून घेतला. बाआमोंतेसला मात्र सपाटीवरचे घड्याळ कधीच पुरते वश झाले नाही. घड्याळाचा माणूस मेहनतीने घाटात टिकू शकतो, पण हलक्या अंगाच्या माणसाला सपाटीवरची ताकद कमवायला जागाच थोडी असते. या खेळातला असमतोल इथे आहे.

१९६४ ची टूर या सगळ्या प्रश्नाची परीक्षा ठरली. आंकतील त्याच वसंतात गिरो जिंकून थकून आला होता. त्याच्यासमोर लिमुझँ भागातल्या शेतकरी घरातला रेमों पुलिदॉर होता. घाटात आंकतीलपेक्षा सरस, टाइम ट्रायलमध्ये त्याच्या खालोखाल. फ्रान्समध्ये दोन तट पडले. सोबतीला ३६ वर्षांचा बाआमोंतेसही होता.

मोनाकोच्या ट्रॅकवर टप्पा संपत असताना पुलिदॉरला वाटले की शेवटची रेषा आली. प्रत्यक्षात एक फेरी बाकी होती. तो आधीच जीव तोडून धावला, आणि खऱ्या रेषेवर आंकतील पहिला आला. विजेत्याला एक मिनिटाचा बोनस होता. अँडोराहून तुलूझकडे जाताना एनव्हालिराच्या चढावर आंकतील इतका मागे पडला की शर्यत तिथेच संपते असे वाटले. धुक्यातून बेभान उतरत त्याने गट गाठला. तुलूझजवळ पुलिदॉरची सायकल बिघडली, मदतीला आलेल्या मेकॅनिकने ढकलताना त्यालाच पाडले आणि त्याचा दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. दुसऱ्या दिवशी लुशोंचा टप्पा जिंकून त्याने त्यातला बराच भाग परत मिळवला.

त्यानंतरचा लुशों ते पाऊचा टप्पा बाआमोंतेसचा. पेरसूर्द, आस्पें, तुर्माले आणि औबिस्क, म्हणजे १९१० चेच घाट. तो एकटा निघाला आणि औबिस्कच्या माथ्यावर त्याची आघाडी इतकी होती की पिवळी जर्सी हाताशी आली. मग पाऊपर्यंतचा लांब रस्ता लागला. मागचा गट जोर लावून आला, आणि बाआमोंतेसने टप्पा जिंकला तेव्हा आघाडी दोन मिनिटांच्या आत आली होती. हा टप्पा औबिस्कच्या माथ्यावर संपला असता तर त्याच्या नावावर आणखी एक टूर लागण्याची वाट मोकळी झाली असती. पण टप्पा गावात संपला. क्लाइंबरच्या नशिबाचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

बायोनच्या टाइम ट्रायलमध्ये पुलिदॉरचे चाक पंक्चर झाले आणि तरी तो आंकतीलपेक्षा केवळ ३७ सेकंद मागे राहिला. पिवळी जर्सी आंकतीलकडे आली. १२ जुलैला, रविवारी, प्वी द दोमवर दोघे आले तेव्हा त्यांच्यात ५६ सेकंदांचा फरक होता. विझलेल्या ज्वालामुखीला वेढे घालत वर जाणाऱ्या रस्त्यावर पाच लाखांच्या आसपास माणसे जमली होती, असे सांगतात. दोघे खांद्याला खांदा लावून, कधी एकमेकांवर टेकत चढत होते. आंकतील पुलिदॉरच्या मागे न राहता मुद्दाम त्याच्या शेजारी राहिला, आपण दमलो आहोत हे त्याला कळू नये म्हणून. शेवटचा किलोमीटर आला तेव्हा पुलिदॉर सुटला. आंकतील जणू जागीच रुतला. माथ्यावर पुलिदॉरने ४२ सेकंद परत घेतले आणि जर्सी १४ सेकंदांनी हुकली.

त्या दिवशी टप्पा मात्र पुलिदॉरने जिंकला नव्हता. हुलियो हिमेनेस पहिला आणि बाआमोंतेस दुसरा आला होता. दोघेही अस्सल क्लाइंबर. पहिल्या दोघांसाठीचा बोनस त्यांनी नेला. पुलिदॉरने तो टप्पा जिंकला असता तर एका मिनिटाच्या बोनसने जर्सी त्याच्या अंगावर आली असती. घाटातल्या राजांनीच घाटात सरस असलेल्या अष्टपैलू माणसाच्या हातची शर्यत नकळत आंकतीलला देऊन टाकली. दोन दिवसांनी व्हर्साय ते पॅरिस या २७.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये आंकतीलने पुलिदॉरपेक्षा २१ सेकंद कमी घेतले, विजयाच्या बोनसचे २० सेकंद मिळवले आणि एकूण ५५ सेकंदांनी शर्यत जिंकली. मोनाकोमध्ये हुकलेले मिनिट याहून मोठे होते. पुलिदॉर पुढे १९७६ पर्यंत टूर खेळला, एकूण आठ वेळा पहिल्या तिघांत आला, आणि एक दिवससुद्धा पिवळी जर्सी घालू शकला नाही.

पुढच्या काळाने या निकालाला दुजोराच दिला. १९६९ मध्ये एडी मर्क्सने पिवळी जर्सी, गुणांची जर्सी आणि घाटांचा किताब तिन्ही एकाच शर्यतीत जिंकले आणि दुसऱ्या स्वाराला १७ मिनिटे ५४ सेकंद मागे टाकले. तोही आंकतीलच्याच जातीचा अष्टपैलू, फक्त घाटातही सर्वांत सरस. बेल्जियमचा ल्युसियँ व्हान इंप सहा वेळा घाटांचा राजा झाला. टूर त्याने जिंकली ती १९७६ मध्ये, आणि त्या वर्षी घाटांचा किताब दुसऱ्याच्या नावावर आहे. १९५८ मध्येही तसेच होते: जर्सी गोलची, घाटांचा किताब बाआमोंतेसचा. १९५९ चा बाआमोंतेस सोडला, तर माथ्यांमागे धावणे सोडल्यावरच क्लाइंबरला शर्यत मिळते, असे या नोंदी सांगतात.

२०१२ मध्ये टाइम ट्रायलचे एकूण अंतर १०० किलोमीटरच्या वर गेले आणि ट्रॅकवर घडलेला ब्रॅडली विगिन्स जिंकला. २०१५ मध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल १४ किलोमीटरपेक्षाही कमी ठेवली होती आणि कोलंबियाचा क्लाइंबर नाइरो किंताना याच्यासाठी ते वर्ष अनुकूल होते. त्याने आल्प्समध्ये क्रिस फ्रूमला हादरवलेही. पण शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी हॉलंडच्या किनाऱ्यावर, जिथे चढ नावालाही नाही, आडव्या वाऱ्यात गट फुटला होता आणि किंतानाने १ मिनिट २८ सेकंद गमावले होते. पॅरिसमध्ये तो १ मिनिट १२ सेकंदांनी हरला. २०२० मध्ये प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे असताना शेवटच्या आदल्या दिवशी सपाटीवर सुरू होऊन चढावर संपणारी ३६ किलोमीटरची टाइम ट्रायल आली. तादेय पोगाचारने तिथे दोन्ही कसोट्या एकदम जिंकल्या आणि शर्यत उलटली.

घाट ही अशी परीक्षा आहे की तीत नापास होऊन टूर जिंकता येत नाही. पण केवळ तीत पहिला येऊनही ती जिंकता येत नाही. क्लाइंबरला कौल मिळतो तो चढामुळे कमी आणि नकाशामुळे जास्त. टप्पा माथ्यावर संपतो की खालच्या गावात, टाइम ट्रायल किती किलोमीटरची आहे आणि ती चढावर आहे की सपाटीवर, यावर तो ठरतो. तरीही जिंकणाऱ्यांच्या यादीत शेवटी तोच माणूस वारंवार दिसतो, जो सगळीकडे थोडे गमावतो आणि कुठेच फार गमावत नाही.

म्हणून ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षीच्या टूरचा मार्ग जाहीर झालेला पाहाल तेव्हा नुसती शिखरांची उंची मोजू नका. प्रत्येक घाटाच्या माथ्यापासून टप्प्याच्या शेवटापर्यंत किती अंतर आहे ते बघा, आणि टाइम ट्रायलच्या किलोमीटरांची बेरीज करून बघा. त्या वर्षी पिवळी जर्सी घाटाच्या राजाला मिळण्याची आशा किती, हे त्या दोन आकड्यांतून बरेचसे कळते.